हवेतली बोली

मासळीच्या हॉलमध्ये तिला सगळे ‘तोफ’ म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिलाही ते आवडायचं, कारण नाव कमावलेलं होतं. तिच्या आधी तिचे वडील लिलावाचा पुकारा करायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या फळीवर आता उभं कोण राहणार, यावर होडीमालकांचा काथ्याकूट चालला होता. खाली क्रेट धूत बसलेली ही मुलगी मान वर न करता म्हणाली, की तुमचं ठरेपर्यंत मासे पुन्हा पोहायला लागतील. दुसऱ्या टोकाला बर्फ फोडायचं यंत्र घरघरत होतं, तरी तिकडच्या हमालांना ते वाक्य अक्षरन्‌अक्षर ऐकू गेलं. हॉलचे अध्यक्ष हसले आणि म्हणाले, चढ वर.

तेव्हापासून ती फळी तिची. फळी म्हणजे दोन लोखंडी घोड्यांवर टाकलेलं जाड लाकूड, एवढंच. खाली सदैव ओली फरशी, बर्फाचा चुरा, रबरी बुटांची फचफच. समोर सिमेंटच्या पायऱ्या आणि त्यांवर खरेदीदार.

या हॉलची एक रीत होती. ओरडायचं ते फक्त पुकारणाऱ्याने. खरेदीदार तोंड उघडत नसत. कुणी बोट हलवायचं, कुणी हनुवटी, कुणी नुसती भुवई. भाव आपण चढवला हे शेजाऱ्यालाही कळता कामा नये. ते सगळं टिपायचं पुकारणाऱ्याने, आणि हॉलने त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा. आता मनात आणलं तर समोर कुणी पापणीसुद्धा हलवलेली नसताना ‘मागून आले, आणखी वर’ असं म्हणून भाव फुगवता येतोच की. भाव फुगला की होडीमालक खूश, आणि मालक खूश तर पुकारणारा उपाशी राहत नाही. याला म्हणत हवेतली बोली. जुन्या पुकारणाऱ्यांपैकी बहुतेक सगळ्यांनी कधी ना कधी हवेतून घेतली होती. तिच्या वडिलांनी नाही. तिनेही नाही.

पायऱ्यांवर एक खानावळवाली मावशी असायची, तिसऱ्या पायरीवर, खांबाला पाठ लावून. कारखान्याशेजारी तिची खानावळ होती. मावशी माशांकडे बघतच नसे. तोफेच्या तोंडाकडे बघायची. माल शिळा असला की पोरीचा ओठ वाकडा होतो, म्हणायची, मला तेवढं पुरतं, कल्ले कोण उघडत बसलंय.

दुखण्याची सुरुवात कुठून झाली हे तोफेला सांगता आलं नसतं. आधी जबडा दमायला लागला. अर्ध्या जेवणात चावणं जड व्हायचं आणि ती हाताने हनुवटी वर धरून घास गिळायची. तिचा नवरा त्याच हॉलमध्ये क्रेट उचलायचा आणि आता पाठ गेल्यामुळे नुसती झाडलोट करायचा. तो म्हणायचा, दिवसभर राबवलंस तर जबडा संपावर जाणारच. मग केस विंचरताना हात वर ठरेनात. मग आवाज. लिलावाच्या सुरुवातीला खणखणीत, आणि शेवटच्या क्रेटपर्यंत असा ओला, नाकातून येणारा, की आकडे एकमेकांच्या अंगावर पडायचे. दुपारी तासभर झोप काढली की सगळं जागच्या जागी. दुखणं असं कुठे असतं? झोपून उठल्यावर जातं तो आळस, असं तिनेच ठरवलं आणि स्वतःला दोन शिव्या हासडल्या.

हॉलने वेगळं ठरवलं. जीभ जड होते म्हणजे घेते. तोफेला दारू लागणारच, असं कुणीतरी म्हणालं आणि ते इतकं चपखल होतं, की खरं आहे की नाही हे बघायची कुणाला गरजच उरली नाही.

आणि मग डोळा. डावी पापणी उतरत्या शटरसारखी हळूहळू खाली यायची. त्यात आणखी एक भानगड होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती. सकाळ कलली, की तिला एकाचे दोन दिसायचे. दोन ट्यूबलाइट, दोन खांब, एका हाताची दोन बोटं. डावा डोळा मिटला की चित्र पुन्हा एक व्हायचं. म्हणून पापणी अर्ध्यावर आली की उरलेली ती स्वतःच मिटून घ्यायची आणि एका डोळ्याने लिलाव पुढे रेटायची.

पण पापणी उतरायची त्या बाजूला, दुसऱ्या पायरीवर, हॉटेलवाला उभा असायचा. तरुण, उंच, केसांना जेल लावून मासे घ्यायला येणारा अख्ख्या हॉलमधला एकटाच. शेवटचे मोठे क्रेट बहुधा तोच उचलायचा. बाकीच्यांनी दोन आणि दोन मिळवून नऊ केले. कुणीतरी त्याला विचारलं तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. बाईमाणसाने डोळा मारला तर आपण काय वाईट वाटून घ्यायचं, म्हणाला. त्याला एवढ्याने काही मिळणार नव्हतं. फुकटची ऐट मिळत होती, तेवढी घेतली.

बोलणं फिरत फिरत नवऱ्याच्या झाडूपर्यंत आलं. दोन दिवस तो नुसता झाडत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवताना, ती हनुवटी धरून घास चावत असताना, ताटाकडे बघत म्हणाला, “त्या हॉटेलवाल्याला काय दिसतं गं तुझ्यात?”

तिला हसू आलं, पण गाल वर उचलले गेले नाहीत. हसू अर्ध्यावर राहून भलतंच काहीतरी झालं, वाकडं, दात दाखवल्यासारखं. त्याने ते पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

“मी डोळा मारत नाही,” ती म्हणाली. “तो आपोआप पडतो.”

“आपोआप. त्याच्याच बाजूला.”

“मग काय, डोळा काढून उजवीकडे बसवू?”

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने औषधाच्या दुकानातून पांढरी चिकटपट्टी आणली आणि अंधारातच, ती निघायच्या आधी, तिची पापणी वर ओढून भुवईखाली चिकटवून दिली. कापून, नीट मापाने. संसारात इतक्या वर्षांनी कुणी इतक्या जवळून आपल्या डोळ्यात बघतंय, असं तिला वाटलं. तो बघत होता ते पट्टी सरळ बसली का एवढंच.

तर त्या दिवशी तिचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. डावा मिटायची सोय नव्हती, आणि उजवा मिटला तर पट्टीने ताणलेल्या डाव्यातून नुसतं पाणी दिसायचं.

लिलाव संपत आला होता. शेवटून दुसरा क्रेट, मोठा, चांगला माल. हॉटेलवाला त्या दिवशी लवकर निघून गेला होता. बाकीचे बूट धूत होते. मावशीने बोट हलवलं. तोफेला दोन बोटं दिसली, एक खाली, एक जरा वर आणि बाजूला. तिने खालचं घेतलं, भाव पुकारला, मग वरचं दिसलं, मागच्या कुणाचं समजून तेही घेतलं. मावशीला वाटलं, खांबामागून कुणीतरी आपल्याला चढवतंय. तिला त्या दिवशी कारखान्याच्या मोठ्या जेवणाचं काम होतं, मासा सोडून चालणार नव्हतं. तिने पुन्हा बोट हलवलं. पुन्हा दोन. जड जिभेने, नाकातून, पापणीची पट्टी ओढली जात असताना तोफ एकट्या मावशीला मावशीच्याच विरुद्ध चढवत गेली. बूट धुणारे थांबले. झाडू थांबला. तो भाव त्या हॉलने कधी ऐकलेला नव्हता.

क्रेट मावशीच्या नावावर पडला. मग ती वळली, आपल्याला इतकं कोण नडलं ते बघायला. तिच्यामागे खांब होता. खांबामागे कुणी नव्हतं.

नुसतं बर्फाचं यंत्र चालू होतं.

या प्रकरणावर हॉलची बैठक बसेपर्यंत तिला फळीवरून उतरवलं. नवरा तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला, कारण दोन दिसतात हे तिने शेवटी त्याला सांगितलं होतं, आणि चष्मा लागला की मिटलं, असा त्याचा हिशेब होता. चष्मेवाल्याने भिंगं बदलून बदलून पाहिलं आणि म्हणाला, डोळे ठीक आहेत, डोळ्यांना हलवणारं काहीतरी बिघडलंय, मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या डॉक्टरबाई होत्या, बारीक, सर्दी झालेल्या, सतत नाक पुसणाऱ्या. त्यांनी तिला वर छताकडे बघत राहायला लावलं. बघता बघता पापणी खाली आली. मग मोठ्याने आकडे मोजायला लावले. हे तर तिचं रोजचं काम. पहिले आकडे असे सुटले, की बाहेर रांगेतले पेशंट दचकले. पुढे आवाज विरत गेला आणि शेवटी नाकात अडकला. बाईंनी हातमोज्यात बर्फ भरून पडलेल्या पापणीवर धरायला दिला. थोड्या वेळाने काढून घेतला आणि आरसा पुढे केला. पापणी सरळ उभी होती.

“आयुष्य बर्फात गेलं माझं,” तोफ म्हणाली. “आणि हे मला कुणी सांगितलं नाही.”

रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, मग बाईंनी समजावून सांगितलं. मायस्थेनिया नाव त्याचं. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून निघतो आणि स्नायूच्या दाराशी येऊन कडी वाजवतो. तुमच्या दारांच्या कड्याच कुणीतरी झाकून, मोडून टाकल्यात. हुकूम येतो, वाजवतो, आत ऐकू जात नाही. दोन-चारदा जोर लावला की मग तर काहीच पोचत नाही. विश्रांती घेतली की पुन्हा थोडं ऐकू जातं.

“कुणी मोडल्या?”

“तुमच्याच शरीरातल्या पहारेकऱ्यांनी. बाहेरून जंतू आला तर त्याला धरायला ते ठेवलेले असतात. त्यांनी घरच्यांनाच चोर ठरवलंय.”

“कशावरून?”

बाईंनी नाक पुसलं. “ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.”

“आमच्याकडेही असंच चालतं,” तोफ म्हणाली.

एक गोळी अशी होती, की घेतल्यावर काही तास कडी वाजायची. दुसरी पहारेकऱ्यांना गुंगवून ठेवायची. त्या गोळीने तोंड सुजेल, बाहेरचा साधा तापही महागात पडेल, पण घ्यावी लागेल. पूर्ण बरं होईल का, यावर बाई म्हणाल्या, ताब्यात राहील. अधूनमधून उलटेलही.

बाहेर पडताना तोफ लग्नघरातून निघाल्यासारखी खुशीत होती. रस्ताभर ते नाव घोळवत होती, मायस्थेनिया, मायस्थेनिया, जीभ अडखळू नये म्हणून. दारू नाही, डोळा मारणं नाही, हवेतली बोली नाही. सगळ्याला एकच उत्तर, आणि तेही डॉक्टरांच्या तोंडचं. बसस्टॉपवर ती नवऱ्याला म्हणाली, आता बैठकीत सांगते एकेकाला, आधी त्या हॉटेलवाल्याचं थोबाड बघायचंय मला.

नवरा रस्त्याकडे बघत होता. त्याचं डोकं सावकाश चालायचं, पण भलतीकडे जात नसे.

“हे सांगायचं नाही,” तो म्हणाला.

“का? हेच तर सांगायचंय.”

“सांगितलंस की उतरलीस. कायमची.”

तिला एकदम आठवलं. फार पूर्वी एक म्हातारा पुकारणारा होता, बहिरा होत चाललेला. त्याच्या एका चुकीने एक होडीमालक देशोधडीला लागला होता. तेव्हापासून हॉलचा नियम झाला, की डोळा, कान, वाचा यांत खोट निघाली, की पुकारणाऱ्याने खाली उतरायचं. पुन्हा चढायचं नाही. मान राखून, टाळ्या वाजवून उतरवायचे, पण उतरवायचे. आणि हवेतून घेणाऱ्याला? त्याने भर हॉलमध्ये उलट्या पेटीवर उभं राहून कबूल करायचं, एक मोसम घरी बसायचं आणि परत फळीवर यायचं.

“चोराला एक मोसम,” नवरा म्हणाला, “आणि आजाऱ्याला जन्मठेप.”

“गोळीने ठीक होतं रे. बाई म्हणाल्या.”

“मला सांगून काय उपयोग? उद्या गोळी उतरली आणि तुला पुन्हा दोन मावश्या दिसल्या तर? हेच विचारतील. मीही विचारलं असतं.” मग स्वतःच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, “दुसरं काय काम करणार आहेस तू? हात वर होत नाहीत. माझी ही अशी. तुझ्याकडे आवाज आहे. तेवढाच आहे.”

ती अध्यक्षांच्या घरी गेली. त्यांनी दार स्वतः उघडलं, बसायला खुर्ची दिली, आणि तिने काही बोलायच्या आत हात वर केला. म्हणाले, काय आहे ते मला सांगू नकोस, सांगितलंस तर मला कळल्यासारखं होईल. मग तेच बोलत राहिले, मायेने. आजारी असलीस तर आम्ही वाजतगाजत उतरवू. नसलीस तर पेटी आहे.

“आणि तुम्हाला काय वाटतं?” तिने विचारलं.

“मला वाटून काय करायचंय? मी पुकारायचो तेव्हा दोनदा उभा राहिलोय त्या पेटीवर. आज अध्यक्ष आहे.”

बैठकीच्या दिवशी लिलावानंतर सगळे थांबले. तोफेने गोळी घेतली होती, पापणी जागेवर होती, दृष्टी एक होती. तिला प्रत्येक तोंड लख्ख दिसत होतं. अध्यक्षांनी काय झालं ते थोडक्यात सांगितलं. कुणी बोलायच्या आत मावशी पुढे आली. लुबाडली गेली होती तीच, त्यामुळे तिला कुणी अडवलं नाही. मावशी म्हणाली, की पोरीच्या डोळ्याला काहीतरी झालंय, मला मागेच शंका आली होती, हिला कुणीतरी दवाखान्यात न्या. माझा क्रेट राहू दे, मला परत काही नको. हिच्या तोंडाकडे बघून मी इतकी वर्षं मासे घेतले, ही खोटं बोलली असती तर मला कळलं असतं. मागून कुणीतरी खाकरलं. मावशीने वळून त्याला सुनावलं, की तुझ्या आईला विचार, तू खोटं बोलतोस हे तिलाही माझ्याकडूनच कळायचं.

लोक हसले. तोफ हसली नाही. नवरा भिंतीशी झाडू धरून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

ती पेटीवर चढली. पेटी ओली होती, पाय जरा सरकला, मावशीनेच हात दिला.

“मी हवेतून घेतली,” ती म्हणाली. “जाणूनबुजून.”

मावशीचा हात अजून तिच्या कोपराला होता. तो लगेच निघाला नाही. आधी बोटं सैल झाली, मग तळवा, आणि मग मावशी हात आपल्याच अंगाला पुसत मागे गेली.

आणि हॉलचं काय झालं? हॉल सुटल्यासारखा झाला. कुणीतरी टाळी वाजवली. कुणी म्हणालं, चला, शेवटी माणसात आली. हॉटेलवाल्याने बारीक शीळ घातली. इतकी वर्षं एक स्वच्छ बाई त्या फळीवर उभी राहून प्रत्येकाला न बोलता काहीतरी ऐकवत होती. ते आता थांबलं होतं.

मोसमभर ती घरी बसली. दुसऱ्या गोळीने तोंड गोल सुजलं, झोप उडाली, नवऱ्यावर खेकसणं वाढलं, पण जबडा संपावरून परत आला आणि हात केसांपर्यंत पोचायला लागले. नवरा तिच्याशी पुन्हा जुन्यासारखा बोलू लागला होता. उलट जरा जास्तच. डोळा खरंच पडत होता हे त्याला आता डॉक्टरांकडून कळलं होतं ना. तिच्याकडून कळलं होतं तेव्हा त्याला पट्टी आणावीशी वाटली होती. हे तिने त्याला एकदाही बोलून दाखवलं नाही. दाखवून काय, तो म्हणाला असता, तुझ्या भल्यासाठीच आणली होती. ते खरंही होतं.

मोसम सरला आणि ती परत आली. नवीन तोंडाची चेष्टा झाली, आरामात फुगलीस म्हणाले, चहा पाजला. पूर्वी तिला कुणी चहा पाजत नसे. एका होडीमालकाने खांद्यावर थाप मारली आणि आमच्या क्रेटच्या वेळी जरा वारा असू दे, असं कानात सांगून गेला. हॉटेलवाला तिला आता उस्ताद म्हणू लागला. आपण एकदा निवांत बसू, म्हणाला, तुझ्यासारख्या माणसाशी बोलणं सोपं असतं.

मावशीही येत होती. पण आता ती लिलावाआधी खाली उतरायची, वाकून एकेका माशाचे कल्ले उघडून बघायची, अंगठा दाबून बघायची. गुडघे दुखायचे तिचे, उठताना क्रेटला धरून उठायची. तोफेने ते एक सकाळ पाहिलं, दोन सकाळी पाहिलं. मग एकदा, लिलावाची घंटा व्हायच्या आधी, ती मावशीजवळ उकिडवी बसली.

“मावशी, मी खोटं बोलले.”

मावशीने माशावरून नजर उचलली नाही. “कधी? तेव्हा की आत्ता?”

तोफेने सगळं सांगितलं. पापणी, बर्फ, कड्या, पहारेकरी. सांगताना तिला स्वतःलाच ते रचल्यासारखं वाटायला लागलं. खिशातून गोळ्या काढून दाखवल्या. मावशीने हातात घेऊन पाहिल्या आणि परत दिल्या.

“गोळ्या मीपण घेते,” ती म्हणाली. मग क्रेटला धरून उभी राहिली. बराच वेळ लागला. “खरं असेल तर वर चढून सांग. मला एकटीला कशाला सांगतेस?”

तोफेने गोळ्या खिशात टाकल्या.

“नको सांगूस,” मावशी म्हणाली. राग नव्हता, तेच वाईट होतं. “पोट कुणाला नाही?”

घंटा झाली. तोफ फळीवर चढली. सगळा हॉल समोर होता, गोळी नुकतीच घेतलेली होती, आणि सांगायला लागेल तेवढा आवाज होता. तिने पहिला क्रेट पुकारला.